दुबईत मुलाच्या ताब्याची केस: फक्त ‘अरबी येणारा वकील’ मिळून का भागत नाही?

समजा, ठाण्याचं एक जोडपं आहे. दहा वर्षांपूर्वी नोकरीसाठी दुबईला गेलं. मुलगी तिथेच झाली, आता सात वर्षांची आहे. मधल्या काळात नवरा-बायकोचं बिनसलं, नवऱ्याने तिथल्या कोर्टात केस टाकली आणि एका दुपारी बायकोच्या फोनवर कोर्टाचा मेसेज आला. सगळा अरबीत. तिने तो मोबाइलवर भाषांतर करून कसाबसा वाचला आणि ओळखीच्या ग्रुपवर एक ओळ टाकली: “अरबी बोलणारा चांगला वकील माहीत आहे का कुणाला? कस्टडीची केस आहे.”

हे जोडपं काल्पनिक आहे, पण प्रश्न खरा आहे. संयुक्त अरब अमिरातीत, म्हणजे यूएईत, 35 लाखांहून जास्त भारतीय राहतात. त्यात मुंबई-पुण्याचे आयटीवाले आहेत, तसेच पिढ्यानपिढ्या आखातात जाणारे रत्नागिरी-रायगडचे कोकणी मुस्लिमही आहेत. संसार मोडण्याचं प्रमाण परदेशात गेल्यावर कमी होत नाही. फक्त मोडल्यावर जायचं कोर्ट वेगळं असतं आणि त्या कोर्टाची भाषा आपल्याला येत नसते.

त्या ग्रुपवर दहा मिनिटांत तीन-चार नंबर येतात. कुणाच्या ऑफिसातला इजिप्तचा सहकारी, कुणाच्या ओळखीचा केरळचा कन्सल्टंट. अडचण अशी की यातला एकही माणूस कदाचित तिच्या वतीने कोर्टात उभा राहू शकत नाही.

वकील आणि ‘वकील’

एक गंमत आधी सांगतो. आपण कोर्टात जे मराठी बोलतो त्यातलं बरंच अरबीतूनच आलंय. दावा, हक्क, मुदत, तारीख, जामीन हे सगळे अरबी मुळाचे शब्द. ‘वकील’सुद्धा. पण अरबीत वकील म्हणजे नुसता प्रतिनिधी, तुमच्या वतीने काम करणारा कुणीही. कोर्टात केस लढणाऱ्याला तिथे ‘मुहामी’ म्हणतात. आणि कायद्याचा सल्ला देणारा, पण कोर्टात उभं राहण्याचा अधिकार नसलेला जो असतो तो ‘मुस्तशार’, म्हणजे लीगल कन्सल्टंट.

दुबईत सामान्य माणसाची गफलत नेमकी इथे होते. कार्ड दोघांचंही सारखंच दिसतं. दोघंही सूट घालतात, दोघंही फी घेतात. पण यूएईच्या स्थानिक न्यायालयांत बाजू मांडण्याचा अधिकार नोंदणीकृत मुहामींनाच आहे आणि ते मुख्यतः यूएईचे नागरिक असतात. भारतीय, ब्रिटिश किंवा इजिप्तचा कन्सल्टंट कितीही हुशार असला, त्याचं अरबी कितीही अस्खलित असलं, तरी त्याला कोर्टात जाण्यासाठी एखाद्या मुहामीची सही लागते.

त्यामुळे प्रत्यक्षात काम बऱ्याचदा असं चालतं: तुम्ही भेटता कन्सल्टंटला, तुमची कहाणी ऐकतो तो, इंग्रजीत किंवा हिंदीत. अरबी मसुदा लिहितो ऑफिसातला आणखी कुणी. सही करतो मुहामी, ज्याला तुम्ही कदाचित एकदाही भेटलेला नसता. ही पद्धत बेकायदा नाही, वाईटही नाही. पण तुमची गोष्ट तीन हातांतून जाते आणि प्रत्येक हातात थोडी बदलते, हे लक्षात ठेवावं लागतं.

म्हणून पहिला प्रश्न “तुम्हाला अरबी येतं का?” हा नको. “कोर्टात माझ्या नावाने कोण उभं राहणार आणि त्याचं लायसन्स कुठलं?” हा हवा. दुबईत वकील आणि कन्सल्टंट या दोघांनाही परवाना देण्याचं काम दुबई सरकारचं लीगल अफेअर्स डिपार्टमेंट करतं. अबू धाबीचा न्यायविभाग वेगळा आहे. काही अमिराती केंद्रीय न्याययंत्रणेखाली येतात, तिथली नोंदणी केंद्रीय न्याय मंत्रालयाकडे असते. कार्डावरचं नाव या याद्यांत कुठल्या रकान्यात आहे, हे पाहायला फार वेळ लागत नाही.

बोलायला कमी, लिहायला जास्त

आपल्या डोक्यात कोर्ट म्हटलं की उलटतपासणी येते, आवाज चढवणारा वकील येतो. यूएईत दिवाणी आणि कौटुंबिक प्रकरणं प्रामुख्याने कागदावर चालतात. दोन्ही बाजू लेखी निवेदनं देतात, समोरच्याच्या निवेदनाला लेखी उत्तर देतात, पुरावे जोडतात. बऱ्याच सुनावण्या तर आता ऑनलाइन होतात आणि काही मिनिटांत संपतात. सगळं काही त्या अरबी निवेदनात असतं.

म्हणजे ‘अरबी बोलणारा’ वकील असं आपण म्हणतो खरं, पण लागतो तो अरबी लिहिणारा. बोलण्याचं अरबी आणि कोर्टाचं लेखी अरबी यात मोठं अंतर आहे. आखातात वीस वर्षं काढलेले आपल्याकडचे चाचा बाजारात झकास अरबी बोलतात. पण तेच चाचा कोर्टाची नोटीस हातात घेऊन बसले तर अडखळतील, कारण ती प्रमाण, पुस्तकी अरबीत असते.

परदेशात जन्मलेला, मराठी किंवा इंग्रजीत असलेला प्रत्येक कागद अरबीत न्यावा लागतो आणि तोही परवानाधारक कायदेशीर अनुवादकाकडून, त्याच्या शिक्क्यासह. विवाह नोंदणीचा दाखला, शाळेची पत्रं, डॉक्टरांचे रिपोर्ट, नवऱ्या-बायकोचे व्हॉट्सअॅप मेसेज, सगळं. यूएई अपोस्टिल कराराचा सदस्य नाही. त्यामुळे महाराष्ट्रात निघालेल्या लग्नाच्या दाखल्याला आधी राज्याच्या पातळीवर, मग परराष्ट्र मंत्रालयाचा, मग यूएईच्या दूतावासाचा किंवा मुंबईतल्या वाणिज्य दूतावासाचा आणि शेवटी यूएईच्या परराष्ट्र मंत्रालयाचा असा शिक्क्यांचा प्रवास करावा लागतो. नोटीस आल्यावर हे सुरू केलं तर पहिली तारीख हुकते. दुबईत मूल घेऊन राहणाऱ्या प्रत्येकाने हा दाखला भांडण नसतानाच साक्षांकित करून ठेवावा, असं माझं मत आहे. व्हिसालाही तो लागतोच.

‘फुल कस्टडी’ म्हणजे नक्की काय मागितलं?

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग.

मराठीत आपण ‘ताबा’ म्हणतो, इंग्रजीत कस्टडी. एकच शब्द. अरबीत आणि तिथल्या कायद्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक ‘हदाना’: मूल कुणाजवळ राहणार, त्याचं रोजचं खाणंपिणं, झोपणं, आजारपण कोण बघणार. दुसरी ‘विलाया’: मुलाचं पालकत्व, म्हणजे त्याच्या वतीने मोठे निर्णय कोण घेणार, त्याची मालमत्ता कोण सांभाळणार. इस्लामी परंपरेवर आधारलेल्या कायद्यात हदाना साधारणपणे आईकडे आणि विलाया वडिलांकडे, अशी विभागणी आहे.

आता आपल्या ठाण्याच्या बाईने कन्सल्टंटला सांगितलं, “मला फुल कस्टडी हवी.” त्याने मान डोलावली. मसुद्यात ‘हदाना’ मागितली गेली. कोर्टाने ती दिली. सगळ्यांनी पेढे वाटले. पुढच्या वर्षी मुलीचा पासपोर्ट संपत आला, सुट्टीत ठाण्याला यायचं होतं आणि तेव्हा कळलं की त्या आदेशात पासपोर्टबद्दल, प्रवासाबद्दल एक शब्दही नाही. भारतीय पासपोर्टसाठी अल्पवयीन मुलाच्या बाबतीत साधारणपणे दोन्ही पालकांची संमती मागितली जाते, नाहीतर कोर्टाचा स्पष्ट आदेश. तिच्या हातात जो आदेश आहे तो सांगतो की मुलगी तिच्याजवळ राहील. एवढंच.

यात कुणी फसवलेलं नाही. भाषांतरही चूक नाही. ‘कस्टडी’चं अरबी ‘हदाना’च होतं. चूक आहे ती एका शब्दात दोन मागण्या बसतात असं धरून चालण्यात. त्यामुळे वकिलासमोर बसल्यावर ‘कस्टडी’ हा शब्दच बाजूला ठेवायचा. मुलगी कुठे झोपणार, पासपोर्ट कुणाच्या कपाटात राहणार, शाळा बदलायची तर सही कुणाची, भारतात न्यायचं तर परवानगी कुणाची, दुसऱ्या पालकाने कधी आणि कुठे भेटायचं, खर्च कोण देणार. हे वेगवेगळं सांगायचं आणि मसुद्यात यातली प्रत्येक गोष्ट कुठल्या परिच्छेदात आली आहे ते विचारायचं.

खर्चाचा शब्द मात्र ओळखीचा निघेल: ‘नफका’. उर्दूतल्या नान-नफक्यातला तोच.

कायदा कुठला लागणार?

हे धर्मावर अवलंबून आहे आणि गेल्या काही वर्षांत भराभर बदललंय.

मुस्लिम कुटुंबांसाठी 2005 चा कायदा होता. त्यात आईकडे मुलगा 11 वर्षांचा आणि मुलगी 13 वर्षांची होईपर्यंत ताबा, असा नियम होता. 15 एप्रिल 2025 पासून त्याची जागा 2024 च्या 41 क्रमांकाच्या कायद्याने घेतली. आता मुलगा असो वा मुलगी, ताब्याची मुदत 18 वर्षांपर्यंत आहे आणि 15 वर्षं पूर्ण केलेल्या मुलाला कुणाजवळ राहायचं ते निवडता येतं. परवानगीशिवाय मुलाला देशाबाहेर नेण्यासारख्या गोष्टींसाठी 5 हजार ते 1 लाख दिरहम दंड आणि तुरुंगवासाचीही तरतूद आली आहे.

म्हणजे म्हसळ्याच्या किंवा खेडच्या एखाद्या कुटुंबाला 2020 मध्ये जे लागू होतं, ते आज लागू नाही. इंटरनेटवर मात्र 11 आणि 13 चे आकडे अजूनही जागोजागी सापडतात. वकिलाची परीक्षा घ्यायची असेल तर हा सोपा प्रश्न आहे. आजच्या तारखेला कुणी 11-13 सांगू लागला तर फी देण्याआधी उठावं.

बिगरमुस्लिमांसाठी वेगळा रस्ता आहे. अबू धाबीने 2021 मध्ये स्वतःचा नागरी विवाह कायदा केला आणि त्यासाठी वेगळं कौटुंबिक न्यायालय उघडलं, जिथे कामकाज अरबी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत चालतं. मग 1 फेब्रुवारी 2023 पासून 2022 चा केंद्रीय कायदा लागू झाला, त्याचाही क्रमांक योगायोगाने 41 च. दोन्ही कायद्यांना लोक ‘लॉ 41’ म्हणतात आणि गोंधळ घालतात. या कायद्यात आई-वडिलांचा हक्क समान आहे आणि घटस्फोटानंतर संयुक्त ताबा हा मूळ नियम आहे. कुणा एकाला वगळायचं असेल तर त्याने कोर्टात कारण दाखवायचं.

पण त्याच कायद्यात एक खिडकी आहे: बिगरमुस्लिम परदेशी नागरिक आपल्या देशाचा कायदा लावण्याची मागणी करू शकतात. म्हणजे ठाण्याच्या हिंदू जोडप्याच्या केसमध्ये दुबईच्या न्यायाधीशापुढे 1955 चा हिंदू विवाह कायदा आणि 1956 चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा येऊ शकतो. तो कायदा न्यायाधीशाला तोंडपाठ असण्याची अपेक्षा नसते. त्याचा अरबी अनुवाद मागणाऱ्या पक्षाने सादर करायचा असतो. पाच वर्षांखालचं मूल ‘सर्वसाधारणपणे’ आईकडे राहील, असं 1956 च्या कायद्याचं कलम 6 सांगतं. त्यातला ‘सर्वसाधारणपणे’ हा शब्द अरबीत ‘नेहमी’ झाला किंवा गळून पडला, तर केसचा तोलच बदलेल. अशा वेळी भारतीय कायदा माहीत असलेला कन्सल्टंट आणि अरबी लिहिणारा मुहामी हे दोघंही लागतात आणि ते एकमेकांशी बोलणारे लागतात. केरळच्या कन्सल्टंटचा नंबर आला होता ना वर? त्याचा उपयोग इथे आहे.

“मग इंग्रजीत चालणाऱ्या डीआयएफसी कोर्टात का जाऊ नये?” असाही प्रश्न हमखास येतो. ते कोर्ट मुख्यतः व्यापारी वादांसाठी आहे. बिगरमुस्लिमांना तिथे मृत्युपत्र नोंदवता येतं आणि आपल्या पश्चात मुलांचा पालक कोण हेही त्यात लिहिता येतं. पण जिवंत आई-बापांमधला मुलाच्या ताब्याचा वाद तिथे चालत नाही. अबू धाबीने 2019 मध्ये हिंदीला कोर्टाची तिसरी भाषा केलं, ही बातमीही अनेकांनी वाचली असेल. ते कामगारांच्या दाव्यांसाठी होतं.

सही करण्याआधी

दोन सह्या अशा आहेत ज्यांच्याकडे लोक औपचारिकता म्हणून बघतात.

पहिली मुखत्यारपत्रावरची. वकिलाला तुमच्या वतीने काम करायला नोटरीसमोर केलेलं मुखत्यारपत्र लागतं, अरबीत त्याला ‘वकाला’ म्हणतात. ऑफिसात त्याचा छापील नमुना तयार असतो आणि त्यात केस चालवण्याबरोबरच तडजोड करणं, दावा मागे घेणं, समोरच्याचं म्हणणं मान्य करणं, पैसे स्वीकारणं असे अधिकार एका दमात लिहिलेले असतात. मुलाच्या ताब्याच्या प्रकरणात तडजोडीचा अधिकार असा सरसकट द्यावा का, याचा विचार करा. तो वाक्यांश काढायला सांगता येतो. पालक भारतात असेल तर हे मुखत्यारपत्रही शिक्क्यांच्या त्याच लांबलचक रांगेतून जातं, तेव्हा आधीच नीट वाचलेलं बरं.

दुसरी सही समुपदेशन विभागातली. 2022 च्या नागरी कायद्याखालच्या घटस्फोटाला ही पायरी लागत नाही. पण एरवी कौटुंबिक वाद बऱ्याचदा आधी कोर्टाच्या ‘फॅमिली गायडन्स’ विभागात जातो. तिथे साधारणपणे वकील सोबत नसतो. दोघं आणि समुपदेशक. वातावरण घरगुती असतं, समेट झाला तर सगळ्यांनाच हवा असतो, कागद पुढे येतो. तिथे झालेला करार न्यायाधीशाने मंजूर केला की त्याला कोर्टाच्या आदेशाइतकीच ताकद येते आणि मग “मला कळलं नव्हतं” हे ऐकायला कुणी नसतं. दुभाषी मागणं हा उद्धटपणा नाही. कागद घरी नेऊन अनुवाद करून घेतो, मग सही करतो, हे म्हणणंही नाही.

ज्यांना वकील परवडत नाही त्यांच्यासाठी काही दारं आहेत. दुबईतल्या भारतीय वाणिज्य दूतावासाचं प्रवासी भारतीय सहायता केंद्र मोफत कायदेशीर समुपदेशन करतं. भारतीय समुदाय कल्याण निधी 2009 पासून आहे आणि त्यातून गरजूंना कायदेशीर मदत मिळू शकते. नवऱ्याने परदेशात किंवा परदेशातून सोडून दिलेल्या महिलांसाठी राष्ट्रीय महिला आयोगाचा एनआरआय कक्ष आहे. यातलं कुणीही तुमच्यासाठी पूर्ण केस लढेल अशी अपेक्षा ठेवू नका. पण समोर ठेवलेला अरबी कागद काय म्हणतो हे सांगणारा माणूस मिळणं, ही सुरुवातही लहान नाही.

“मी मुलाला घेऊन मुंबईला निघून आले तर?”

हा विचार जवळजवळ प्रत्येकाच्या मनात येऊन जातो. विमान तीन तासांचं आहे, माहेर आहे, भाषा आपली आहे.

पण दुबईत केस सुरू असेल तर दुसरा पालक मुलाच्या प्रवासावर बंदी मागू शकतो आणि ती बंदी बहुधा विमानतळावर, पासपोर्ट काउंटरवर कळते. बंदी नसताना निघून आलात, तर नव्या कायद्यातल्या दंडाचा आणि परत जाण्याचे रस्ते बंद होण्याचा धोका आहेच.

इकडे काय होतं? मुलांना परदेशातून नेण्यासंबंधीचा 1980 चा हेग करार भारतानेही स्वीकारलेला नाही आणि यूएईनेही नाही. म्हणजे “मूल परत पाठवा” असं सांगणारी आपोआप चालणारी यंत्रणा दोघांमध्ये नाही. 17 जानेवारी 2020 ला भारताने यूएईच्या कोर्टांचे हुकूमनामे इथे थेट अंमलात आणण्याची सोय केली, पण ती पैशांच्या हुकूमनाम्यांपुरती आहे. नफक्याची थकबाकी तीत बसवता येईल का, यावर वकील वाद घालतील. मुलाच्या ताब्याचा आदेश नक्कीच बसत नाही.

त्यामुळे वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयात गोष्ट पुन्हा सुरू होते. 1890 च्या पालक व पाल्य कायद्यानुसार मूल ‘सामान्यतः राहतं’ ते ठिकाण कुठलं, इथूनच वाद. दुबईत जन्मलेली, दुबईत शिकलेली मुलगी तीन महिन्यांपूर्वी मुंबईत आली, तर तिचं ठिकाण कुठलं? परदेशी कोर्टाचा आदेश हा विचारात घ्यायच्या अनेक मुद्द्यांपैकी एक आहे, मुलाचं हित सर्वांत वर, असं सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये नित्या आनंद राघवन प्रकरणात सांगितलं. 2020 मध्ये यशिता साहू प्रकरणात त्याच न्यायालयाने मुलीला अमेरिकेत परत नेण्याच्या बाजूने निकाल दिला, तोही मुलीच्या हिताचाच विचार करून. म्हणजे कुणी छातीठोकपणे “भारतात आलात की जिंकलात” म्हणत असेल तर त्याने यातला एकच निकाल वाचलाय.

आणि अरबीपासून इथेही सुटका नाही. दुबईचा आदेश वांद्र्याच्या न्यायाधीशापुढे ठेवायचा तर त्याचा प्रमाणित अनुवाद लागतो. नवऱ्याने दिलेल्या अनुवादात ‘हदाना’चं इंग्रजी काय केलंय आणि ‘विलाया’चं काय, हे तपासायला मुंबईतल्या वकिलाला अरबी येत नसतं. दोन्ही ठिकाणी जर ‘कस्टडी’ लिहिलं असेल, तर आदेशाने जे दोन पालकांत वाटून दिलं होतं ते कागदावर एकाच्या नावावर जमा होतं. म्हणून दुबई सोडण्याआधी, केस जिंकलेली असो वा हरलेली, कोर्टाच्या प्रत्येक आदेशाची मूळ अरबी प्रत आणि तुमच्या बाजूने करून घेतलेला अनुवाद, दोन्ही साक्षांकित करून जवळ ठेवा. मुहामीचा नंबरही ठेवा. हदाना आणि विलायाचा फरक मुंबईतल्या वकिलाला फोनवर समजावून सांगायला तोच लागेल.